खरवडलेल्या रेघा

"काकू, यातला खरा कोणता?"

टेबलावर एकाच जिन्याची आठ ट्रेसिंग पसरली होती. विचारणारी मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची. तिचं म्हणणं सरळ होतं. जो जिना बांधला गेला त्याचं ड्रॉइंग भिंतीवर लावायचं, बाकीची सात पुन्हा गुंडाळून नळकांड्यात घालायची. मी म्हटलं, "आठही खरे आहेत. बांधला आठवा, एवढंच."

त्या दुपारपासून आमच्या प्रदर्शनाचं सगळंच बदललं, म्हणून सांगायला सुरुवात तिथून केली.

मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच होता आणि मला तोच शब्द आवडतो. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स करून 1977 साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले आणि ऑफिस बंद होईपर्यंत, म्हणजे 2004 पर्यंत, तिथेच होते. आमचे साहेब चार वर्षांपूर्वी गेले. घरच्यांनी माळ्यावरची सगळी ड्रॉइंग एका कॉलेजला देऊन टाकली. कॉलेजनं ठरवलं की साहेबांच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन करण्यापेक्षा एकच इमारत घ्यायची, आणि ती पहिल्या रेघेपासून उद्घाटनाच्या दिवसापर्यंत कशी घडत गेली ते दाखवायचं. निवडलं ते सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं वाचनालय. 1981 मध्ये काम हाती आलं, 1985 मध्ये पुरं झालं. बहुतेक शीटच्या उजव्या कोपऱ्यात 'ड्रॉन'च्या रकान्यात माझी आद्याक्षरं होती. मला बोलावणं आलं ते त्यामुळे.

पहिली भिंत इतिहासाची असावी असं प्राध्यापकांना वाटत होतं. कागद येण्याआधी इमारत कशी ठरवत असतील? मुलांनी ग्रंथांची यादी काढली. मी मात्र भोजपूरचा आग्रह धरला, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भोपाळपासून साधारण 28 किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी, अकराव्या शतकात धारच्या राजा भोजानं सुरू केलेलं आणि अपुरं राहिलेलं शिवमंदिर आहे. लोक आतल्या प्रचंड शिवलिंगाचं दर्शन घेऊन परततात. मी बहिणीबरोबर गेले होते. तिला देवळात सोडून मी बाहेरच्या खडकांवर फिरत राहिले. त्या सपाट खडकांवर देवळाची ड्रॉइंग कोरलेली आहेत. खांब, शिखराचे थर, जमिनीचा आराखडा, सगळं रेघांमध्ये. कारागिरानं दगड घडवताना माप घ्यायचं ते या खडकावरून. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्याच राजाचं हे काम. पण ग्रंथात जे वाचून कळत नाही ते इथे गुडघे टेकून बसलं की कळतं. कारण इथे हाताची रेघ आहे. देवळाच्या मागे मातीची लांब उतरण अजून तशीच आहे, तिच्यावरून दगड वर चढवायचे. देऊळ पुरं झालं असतं तर ती माती उपसून नेली असती. काम थांबलं म्हणून ते कसं चाललं होतं हे आपल्याला दिसतं.

अजिंठ्यालाही तसंच आहे. 24 क्रमांकाचं लेणं अर्धवट आहे. पर्यटक तिथे थांबत नाहीत. डोंगरात चर मारत मारत आत कसे शिरायचे आणि मधले दगडाचे पट्टे मागाहून कसे काढायचे, हे त्या लेण्यात उघडं दिसतं. पहिल्या भिंतीवर हे दोनच फोटो मोठे करून लावावेत, बाकी काही नको, असं माझं मत होतं. ते मानलं गेलं.

दुसऱ्या भिंतीवर मुंबई. तिथे मात्र वाद झाला.

मुलांनी बोरीबंदरच्या स्थानकाचं, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, अ‍ॅक्सल हेग यानं काढलेलं जलरंगातलं चित्र निवडलं होतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं संकल्पना केली, आणि ती उभी राहिल्यावर कशी दिसेल हे 1878 साली हेगनं रंगवून दाखवलं. त्याच वर्षी काम सुरू झालं; पुरं व्हायला 1888 उजाडलं. म्हणजे मुंबईकरांनी दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आधी कागदावर पुरं झालेलं होतं. चित्र सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण असं चित्र साहेबासाठी, कंपनीच्या संचालकांसाठी, वर्तमानपत्रासाठी असतं. गवंड्याच्या हातात ते देता येत नाही. त्यावर माप नसतं. मी म्हटलं, हे चित्र लावाच, पण त्याच्या खाली दोन नावं त्याच उंचीच्या अक्षरांत लिहा : सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि कामावर देखरेख करणारे एम. एम. जनार्दन. स्टीव्हन्सच्या हाताखाली हे दोघे होते. इमारतीवरची पानं, पक्षी, माकडं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. युनेस्कोनं 2004 मध्ये या इमारतीला जागतिक वारसा म्हटलं, तेव्हा तो मान या सगळ्यांच्या हातांना मिळाला असं मी मानते.

गेटवेची गोष्ट मी त्या भिंतीवर मुद्दाम घालायला लावली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथे आजची कमान नव्हती. पायाचा दगड 31 मार्च 1913 रोजी बसवला, जॉर्ज विटेटचं शेवटचं डिझाइन मंजूर झालं 1914 च्या ऑगस्टमध्ये, समुद्रात भराव घालणं आणि भिंत बांधणं यात पुढची वर्षं गेली, आणि उद्घाटन झालं 4 डिसेंबर 1924 ला. दगड आधी, डिझाइन मागून. विद्यार्थ्यांना याचं नवल वाटलं. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही वाटणार नाही. पण मला त्यांना दाखवायचं होतं ते वेगळंच. गेटवेपाशी उभं राहून शहराकडे पाहिलं की कमान आणि समोरून येणारा रस्ता एका रेषेत नाहीत, ती रस्त्याला तिरकी बसली आहे. कमानीसमोर थेट येणारा भव्य रस्ता योजला होता. पैसे उरले नाहीत, रस्ता झाला नाही. कमान न झालेल्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. आता बांधलेलंच तेवढं 'खरं' म्हटलं तर हा तिरकेपणा कुणाला समजावून सांगता येईल का? त्याचं उत्तर न बांधलेल्या कागदावर आहे.

ते ऐकल्यावर 'खरा कोणता' असं विचारणारी ती मुलगी उठली आणि जिन्याची सातही ट्रेसिंग पुन्हा टेबलावर घेऊन आली.

आता त्या जिन्याबद्दल.

वाचनालयाच्या तळमजल्यावर वर्तमानपत्रांचं दालन आणि पुस्तकांची कोठी, वरच्या मजल्यावर सभागृह. मजल्याची उंची 3.60 मीटर. पहिल्या ट्रेसिंगवर 18 सेंटिमीटरच्या 20 पायऱ्या आहेत, दहा वर जाऊन वळायचं, पुन्हा दहा. पायरीचा तळवा 25 सेंटिमीटर. घरातल्या जिन्यासारखा हा जिना. ड्रॉइंग गावाला गेलं आणि ग्रंथपालांचं पत्र आलं. ते पत्र आम्हाला फायलीत जसंच्या तसं सापडलं. दर महिन्याच्या व्याख्यानाला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे असतात, त्यातल्या काहींना हात धरून आणावं लागतं, हा जिना त्यांना चढवणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "पंधराची पायरी करा. तीसचा तळवा."

सांगायला एक वाक्य. पण पंधराची पायरी केली की 20 च्या 24 पायऱ्या होतात. बारा-बारा. प्रत्येक टप्प्यात अकरा तळवे, तीस सेंटिमीटरचे, म्हणजे 3.30 मीटर. आधीचे नऊ तळवे पंचवीसचे, 2.25 मीटर. जिना एक मीटर पाच सेंटिमीटरनं लांबला. ही 105 सेंटिमीटर आणायची कुठून, या एका प्रश्नानं पुढचे चार महिने आणि सात ट्रेसिंग खाल्ली.

दुसऱ्या ट्रेसिंगवर जिना कोठीत घुसला. पुस्तकांचे दोन घोडे उडाले. ग्रंथपालांनी नाही म्हटलं. तिसऱ्यात वर्तमानपत्रांच्या दालनातून जागा घेतली. दालन अंधारं झालं. चौथ्यात जिना उत्तरेच्या भिंतीबाहेर ढकलला, तिथे कडुनिंब होता. त्याची मुळं तोडून पाया घ्यायला विश्वस्त तयार नव्हते आणि साहेबही नव्हते. पाचव्यात आणि सहाव्यात आठ-आठ-आठचा तीन टप्प्यांचा जिना आहे. तो नकाशात बसला, पण छेद काढल्यावर वळणावर डोकं तुळईला लागायला लागलं. सहावं ट्रेसिंग मी रात्री घरी नेऊन पुरं केलं होतं, त्याच्या कडेला चहाचा डाग आहे.

सातवं ट्रेसिंग म्हणजे खरं तर ट्रेसिंग नाही. तो एक अमोनिया प्रिंट आहे, आणि त्याच्या पाठीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं काढलेली आकृती आहे. जोत्याचं काम चालू झालं होतं. मिस्त्रींनी साइटवर साहेबांना प्रिंट उलटी करून दाखवली. पाया झाडाकडे न्यायचाच नाही; पाया भिंतीखालीच ठेवायचा आणि मधला चौथरा फक्त बाहेर काढायचा, सज्जा काढतो तसा. मुळं खाली, चौथरा वर अधांतरी. साहेबांनी ती प्रिंट घडी घालून खिशात ठेवली, पुण्यात येऊन आरसीसी कन्सल्टंटकडे पाठवली, तुळईचं गणित बसलं, आणि मी आठवं ट्रेसिंग काढलं. चौथऱ्याला तिन्ही बाजूंनी खिडकी आणि खिडकीला बसायची रुंद कड. आजही त्या गावात म्हातारी माणसं जिना अर्धा चढून तिथे निंबाच्या सावलीकडे तोंड करून टेकतात, मग उरलेला चढतात. इमारतीबद्दल कुठे काही छापून आलं तर फोटो त्याच चौथऱ्याचा असतो.

टायटल ब्लॉकमध्ये मात्र साहेबांचं नाव आहे, कन्सल्टंटचं आहे, माझी आद्याक्षरं आहेत. मिस्त्री नाहीत, ग्रंथपाल नाहीत. प्रदर्शनात त्या दोघांची नावं आठव्या ट्रेसिंगशेजारी लावली आहेत. इथे लिहीत नाही, कारण दोघेही आता नाहीत आणि छापण्याबद्दल त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही.

मुलांना हे सगळं पटलं. पण त्यांच्या हाताला हे कागद नवे होते. म्हणून आधी तीन दिवस मी त्यांना फक्त आमचं काम शिकवलं.

आमच्याकडे साहेब बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं काढायचे. तो पातळ, स्वस्त. एकावर दुसरा टाकायचा, खालचं जे आवडलं ते गिरवायचं, जे नको ते सोडून द्यायचं. म्हणजे विचार पुढे सरकतो तो असा, थरांनी. तिथून ड्रॉइंग माझ्याकडे यायचं. ट्रेसिंग पेपर बोर्डावर ताणून टेपनं बसवायचा, त्यावर रॉट्रिंगच्या पेनांनी शाई. भिंतीला 0.6, खिडक्या-दारांना 0.4, मापाच्या रेघेला 0.2. रॉट्रिंग येण्याआधी ओढणीचं पेन असायचं, दोन पात्यांचं, स्क्रूनं रेघेची जाडी ठरवायची. मी आयटीआयमध्ये त्यावरच शिकले. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट हवेनं फुगतो, मापाला दगा देतो. म्हणूनच प्रत्येक शीटवर सूचना असे की पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेलं माप धरावं. 

आणि चूक झाली, किंवा साहेबांचा विचार बदलला, की ब्लेड. दाढीचं ब्लेड उभं मोडून त्याच्या अर्ध्या पात्यानं शाई खरवडायची. दाबून नाही, पिसासारखं. मग कडक रबर, मग नखाच्या पाठीनं घासून जागा गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई फुटते. एकाच जागी दोनदा खरवडता येतं. तिसऱ्यांदा भोक पडतं. मला ट्रेसिंग उजेडासमोर धरून सांगता येतं की कुठे एकदा बदल झाला आणि कुठे दोनदा. मुलांनी सगळं स्कॅन करून मोठ्या आकारात छापायचं ठरवलं होतं. मी एक स्कॅन आणि मूळ कागद शेजारी ठेवून टेबलावरचा दिवा बाजूनं, अगदी आडवा लावला. स्कॅनवर स्वच्छ रेघ. मूळ कागदावर त्या रेघेशेजारी खरवडल्याची खडबडीत पट्टी, तिच्यात आधीच्या भिंतीची सावली. खोलीत कुणी काही बोललं नाही. स्कॅन छापायचा बेत त्या दिवशी रद्द झाला.

ट्रेसिंग ऑफिसात राहायचं. बाहेर जायची ती प्रिंट. त्याचाही इतिहास मुलांना सांगितला. जॉन हर्शेलनं 1842 मध्ये निळ्या छपाईची रीत शोधली : लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर ड्रॉइंग ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यानं धुवायचं, की निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा उमटतात. ब्लूप्रिंट हा शब्द राजकारणी आजही वापरतात तो तिथला. जुने पीडब्ल्यूडीचे लोक तिला फेरो म्हणत. माझ्या काळात अमोनिया आला होता. त्यात उलट असतं, पांढुरक्या कागदावर निळ्या किंवा जांभळट रेघा. रसायन लावलेला कागद ट्रेसिंगखाली घालून प्रखर उजेडातून जातो; रेघेखालचं रसायन तेवढं वाचतं, आणि अमोनियाची वाफ लागली की रंग धरतं. आमच्या गल्लीतल्या प्रिंटवाल्याच्या दुकानात पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी यायचं. सहा सेट काढायचे : नगरपालिका, ठेकेदार, साइट, कन्सल्टंट, मालक, ऑफिस. पालिकेच्या सेटवर मी हातानं रंग भरायची, नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. मग टायटल ब्लॉक वर येईल अशी घडी. 

साइटवरून परत आलेल्या प्रिंटा आम्ही या प्रदर्शनाचं सगळ्यात मोठं धन मानतो. भूमिपूजनाच्या प्रिंटवर कुंकू आहे. सिमेंटच्या बोटांचे ठसे आहेत. मीटरमधल्या मापाशेजारी कुणीतरी फूट, इंच आणि सूत करून लिहिलं आहे, कारण देशात मेट्रिक माप लागू होऊन वीस वर्षं झाली तरी गवंड्याचा हात फुटातच चालत होता. एका प्रिंटवर खिडकीच्या जागी फुली आणि शेजारी 'साहेब आल्यावर' एवढंच. 

या प्रिंटांनी आम्हाला एक धडाही दिला. प्रदर्शनाच्या जागेचा अंदाज घ्यायला एक प्रिंट खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगली होती. दहा दिवसांनी काढली तर तिचा उन्हाकडचा भाग इतका फिका पडला होता की रेघा शोधाव्या लागल्या. ज्या उजेडानं ती छापली त्याच उजेडानं ती मरते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्या प्रिंटचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर खिडक्यांना जाड पडदे आले, दिवे मंद झाले, आणि प्रत्येक मूळ प्रिंटवर सुती कापडाचा पदर लावला. पाहणाऱ्यानं पदर उचलायचा, पाहायचं, पुन्हा टाकायचा.

आठ ट्रेसिंग कशी मांडायची यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पारदर्शक कागद आहेत तर एकामागे एक टांगावेत आणि मागून दिवा लावावा, म्हणजे जिना सरकताना दिसेल, ही कल्पना त्याच मुलीची. करून पाहिलं. चार कागदांपर्यंत रेघा वेगळ्या वाचता येतात, पाचव्याला चिखल होतो. मग चार आणि तीन असे दोन गट केले, मध्ये ग्रंथपालांचं पत्र आणि मिस्त्रींची पेन्सिलीची आकृती. उंची मी थोडी खाली घ्यायला लावली, लहान मुलांना पाहता यावं म्हणून. मथळे मराठीत, मोठ्या अक्षरात. वाचनालयाचं प्रदर्शन आहे, ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांना वाचता आलंच पाहिजे.

शेवटच्या दालनात मुलांचं स्वतःचं काम असावं असं मी सुचवलं. मागच्या वर्षी त्यांनी केलेल्या डिझाइनचे सगळे टप्पे लावा म्हटलं. तेव्हा कळलं की टप्पे नाहीतच. ऑटोकॅड 1982 मध्ये निघालं, आमच्या ऑफिसात आलं 1996 मध्ये. मी तेही शिकले आणि त्यावर आठ वर्षं काम केलं, त्याचे गुण मला मान्य आहेत. भोक न पाडता शंभरदा बदलता येतं. पण भिंत हलवली की आधीची भिंत कुठे होती याची खूणसुद्धा उरत नाही; फाइल सेव्ह केली की कालचा विचार गेला. पंधरापैकी दोनच मुलांकडे जुन्या फाइली सापडल्या. ते दालन आम्ही लहान ठेवलं, दोघांचंच काम लावलं. इतरांनी आता तारखेनिशी फाइली ठेवायला सुरुवात केली आहे असं मला सांगितलं. 

ड्राफ्ट्समनच्या धंद्याकडे आपल्याकडे कधीच नीट पाहिलं गेलेलं नाही. मुंबईत वास्तुकलेचं शिक्षण सुरू झालं तेच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या ड्राफ्ट्समनच्या वर्गांतून. पुढे तिथे क्लॉड बॅटली आले, 1923 ते 1943 प्रमुख होते. त्यांनी विद्यार्थ्यांना जुन्या वाड्यांची, देवळांची, मशिदींची मापं घेऊन ड्रॉइंग काढायला लावलं आणि त्यातून ग्रंथ तयार झाला. आज त्यातली कुठली इमारत ढासळली तरी ती कशी होती हे त्या मुलांच्या रेघांमुळे सांगता येतं. ड्रॉइंग ही इमारतीची दुय्यम वस्तू नाही हे मानणारा तो माणूस होता.

मूळचे गोव्याच्या घराण्यातले चार्ल्स कोरिया यांनी आपली सहा हजारांवर ड्रॉइंग लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिली आणि तिथे 2013 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. ते कागद तिथे नीट राहतील, याचा मला आनंद आहे. पण कंबाला हिलवरच्या कांचनजंगाचा तो दुमजली व्हरांडा हातानं कसा सापडत गेला, हे मूळ कागदावर बघायला मुंबईच्या मुलीला लंडन गाठावं लागावं, हे मला बरं वाटत नाही. मोठ्यांचे कागद निदान कुठेतरी राहतात. गावोगावची वाचनालयं, शाळा, दवाखाने, नाट्यगृहं ज्यांनी काढली त्यांचे रद्दीत जातात. आमच्या बंद झालेल्या ऑफिसच्या शेजारच्या एका ऑफिसानं जागा सोडताना तीस वर्षांची ट्रेसिंग किलोवर विकली. मी जिन्यात उभी राहून टेम्पो भरताना पाहिला.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, संस्थेत, देवस्थानात, शाळेत माळ्यावर कुठे ड्रॉइंगचं नळकांडं असेल तर ते उघडून पाहा. कागद जोरानं सपाट करू नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन ठेवा आणि आठवडाभर वाट पाहा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. उन्हात धरून फोटो काढू नका. आणि दोन कागद सारखे वाटले तर त्यातला एक टाकून देऊ नका. तारीख बघा, मग उजेडासमोर धरून बघा.

आमच्या वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये 146 शीटची नोंद आहे. 97 सापडल्या. शीट 31, निंबाकडच्या त्या चौथऱ्याच्या कठड्याचा फुल साइज डिटेल, ऑगस्ट 1983, अजून मिळालेली नाही. ती लाकडी काम करणाऱ्या सुतारांना दिली होती, तेव्हा सातारा भागात कुणाच्या घरी जुन्या प्लायवुडला चिकटवलेलं, खऱ्या मापाचं कठड्याचं ड्रॉइंग असेल आणि कोपऱ्यात 31 आकडा असेल, तर कृपा करून वाचनालयात कळवा.